दोन वाजता बंद पडणारा कॅमेरा

“बी, एच, ए, आर, ए, टी, ई, एस, एच,” अक्कांनी पाटीवर गिरवल्यासारखं एकेक अक्षर सांगितलं. “पुढं एक, नऊ, सात, नऊ.”

मी ते टाइप केलं. वायफाय जोडलं गेलं.

“भरतेश कोण?” मी सहज विचारलं.

“पासवर्ड,” अक्का म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ही २०१९ च्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मिरजेतल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत तंत्रज्ञ होते. कंपनीत आम्ही नऊ जण होतो, त्यांत मी एकटी बाई. लोक दार उघडायचे आणि आधी माझ्या मागं बघायचे, इंजिनिअर कुठं राहिला म्हणून. मग मी शिडी मागायचे. शिडी आणेपर्यंत त्यांची समजूत पटलेली असायची.

आमचे मालक चौगुले साहेब. त्यांनी सोमवारी सकाळी मला मगदुमांच्या घरचा कागद दिला.

“ही पाचवी तक्रार आहे मुजावर. सुतार जाऊन आला, कांबळे जाऊन आला. बाई ऑस्ट्रेलियातून फोन करते आणि एक शब्द वाया घालवत नाही. सहावी तक्रार आली तर तुला काउंटरवर बसवतो.”

“सुतारला आणि कांबळेला?”

“ते काउंटरवर चांगले दिसत नाहीत,” साहेब म्हणाले.

मगदुमांचं घर सांगली रस्त्याच्या आतल्या एका कॉलनीत होतं. बैठं, ऐसपैस, मागं पेरूची दोन झाडं. पुढच्या खोलीत दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट होती आणि तिच्यावर अप्पा. रायगोंडा मगदूम, साखर कारखान्यातले माजी चीफ केमिस्ट. जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं. थेरपीवाल्या बाईंनी त्यांना डाव्या हातानं सांगायला शिकवलं होतं. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नको. त्यांचं पाहायला दिवसभर मालन नावाची बाई होती, आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्याच.

खाटेसमोरच्या कपाटावर कॅमेरा बसवलेला होता. तो मेलबर्नच्या मुलीनं, त्रिशलानं बसवला होता. झटक्यानंतर ती तीन आठवडे येऊन राहिली होती तेव्हा. कॅमेरा चालू असला की त्याचा दिवा निळा, बंद पडला की लाल. त्रिशला नोकरीवरून घरी आली की पहिल्यांदा फोनवर अप्पांना बघायची. तिची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. आणि नेमका रोज दुपारी दोनच्या सुमारास कॅमेरा बंद पडायचा, तो चार वाजता आपोआप सुरू व्हायचा. रविवारी मात्र दिवसभर ठणठणीत.

त्या दिवशी सकाळी अकराला दिवा निळाच होता. मी सगळं तपासलं. वायर बदलली, राउटर खिडकीतून काढून कपाटाजवळ आणला आणि ऑफिसला परतले. दोन वाजून अकरा मिनिटांनी थेट माझ्या मोबाइलवर त्रिशलाचा फोन आला.

“कॅमेरा बंद आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी मी बाराला गेले. दोनपर्यंत तिथंच बसायचं ठरवून गेले होते. अक्कांनी मला धपाटे दिले, दही दिलं, वर शेंगदाण्याची चटणी दिली. मी कुणीकडची, वडील काय करतात, सगळं विचारून झालं. मग दीड वाजल्यावर त्या एकदम उठल्या.

“सायरा, आता तू जा. ह्यांची झोपायची वेळ झाली.”

“मी आवाज नाही करणार, अक्का.”

“मलाही झोपायचंय.”

“तुम्ही झोपा की.”

“मालनलाही झोपायचंय,” अक्का म्हणाल्या.

मालन दारात उभी होती. तिनं लगेच जांभई दिली. तिघांच्या झोपेपुढं माझं काही चाललं नाही. जाता जाता मी राउटर तेवढा नवा बसवला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव, मला नवं काही लक्षात राहत नाही, असं अक्कांनी बजावलं होतं. दोन्ही तसेच ठेवले.

दोन वाजून नऊ मिनिटांनी कॅमेरा बंद पडला.

मी ऑफिसात बसून त्या नव्या राउटरची नोंदवही उघडली. राउटर घरातल्या सगळ्या हालचाली लिहून ठेवतो, फक्त ती वही कुणी वाचत नाही. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन वाजून नऊ मिनिटं: एकाच पत्त्यावर दोन उपकरणं.

हे समजायला सोपं आहे. वायफायला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो, तोच तिचा पत्ता. बहुतेक वस्तूंना राउटर स्वतःच मोकळा आकडा देतो. पण काही वेळा माणूस हातानं पक्का आकडा लावून ठेवतो. कॅमेऱ्याला असाच पक्का आकडा होता, पन्नास. परदेशातून तो सापडावा म्हणून त्रिशलानं लावलेला. आणि रोज दोन वाजता त्या घरात दुसरी एक वस्तू येत होती, तिचाही पक्का आकडा पन्नासच. दोघांचं एका पत्त्यावर भागत नाही. कॅमेरा माघार घ्यायचा.

ती दुसरी वस्तू लॅपटॉप होती, बऱ्यापैकी जुना. एवढं वहीवरून कळत होतं. मी अक्कांना फोन केला.

“अक्का, घरात लॅपटॉप आहे का?”

“नाही.”

“कुणी घेऊन येतं का?”

“कोण येणार बाई,” अक्का म्हणाल्या. “आम्ही झोपतो.”

त्याच संध्याकाळी त्रिशलाचा फोन आला. या वेळी तिचा आवाज शांत होता. ते मला जास्त अवघड वाटलं.

“सायरा, तुम्ही प्रयत्न करताय ते मला दिसतंय. पण मी इथून नऊ हजार किलोमीटरवर आहे. रोज दोन तास अप्पांना कुणी कूस बदलून देतं का, पाणी देतं का, मला कळत नाही. त्यांच्या पाठीला एकदा जखम झाली होती. मी पुण्याच्या एका शुश्रूषा केंद्रात खोली ठरवून ठेवलीय. शुक्रवारपर्यंत हे नीट झालं नाही तर शनिवारी ॲम्ब्युलन्स येईल. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.”

“नाही सांगत,” मी म्हटलं. तेव्हा मला ते सोपं वाटलं.

बुधवारी मी न कळवता गेले, दोन वाजून वीस मिनिटांनी. पुढचं दार आतून बंद होतं. मी मागं गेले. स्वयंपाकघराच्या पायरीवर पुरुषाच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. ओट्यावर चहाचा एक रिकामा कप. मालन भांडी विसळत होती. मला बघून तिच्या हातातली ताटली खाली पडली.

“वैनी!” ती आत ओरडली. “ती वायरवाली आली!”

मी पुढच्या खोलीत गेले. कॅमेऱ्याचा दिवा लाल होता. खाटेची उशाकडची बाजू उचलून अप्पांना बसतं केलेलं होतं. त्यांच्या तोंडावर साबणाचा फेस होता. अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची. समोर चाळिशीचा एक माणूस वस्तरा घेऊन उभा होता आणि शेजारी स्टुलावर जाडजूड, जुनाट लॅपटॉप उघडा होता. त्याच्यावर आकड्यांचा तक्ता दिसत होता.

मी त्या माणसाकडं पाहिलं.

“तुम्ही पासवर्ड का?” मी विचारलं.

खरं तर मला भरतेश म्हणायचं होतं. तो माणूस किंचित हसला.

“हो,” तो म्हणाला.

अक्का मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदरानं हात पुसत होत्या, ते कोरडेच होते.

“माझा मुलगा आहे,” त्या म्हणाल्या. “आता बघितलंसच तर बस.”

पुढचं त्यांनी सांगितलं ते फार लांबण न लावता सांगितलं. भरतेश प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी खात्यात होता. सात वर्षांपूर्वी एका हंगामात नदीतले मासे मेले. पाण्याचे नमुने तपासायला त्याच्याकडं आले. दोष अप्पांच्या कारखान्याच्या पाण्यात निघाला. सही करायच्या आदल्या दिवशी तो घरी येऊन अप्पांना सांगून गेला होता. अप्पा म्हणाले, नमुने पुन्हा घे. तो म्हणाला, तीनदा घेतलेत. त्यानं सही केली. अप्पांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते, कारखान्यानं त्यांना आधीच घरी बसवलं. निरोपाचा हारसुद्धा नाही. त्या संध्याकाळी अप्पांनी भरतेशला सांगितलं की या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि घरात सगळ्यांना सांगितलं की त्याचं नाव काढायचं नाही. त्रिशलानं तर त्याला फोनवर सांगितलं होतं, अप्पांना काही झालं तर ते तुझ्यामुळं.

“आणि झालं,” भरतेश म्हणाला.

पुढं त्यानं ती नोकरी सोडली. आता सांगलीला कॉलेजात शिकवत होता, सकाळच्या वेळेत. मार्चपासून तो दुपारी येऊ लागला. चालेल का, हे अप्पांना विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं. दोन तास अप्पांची कूस बदलायचा, पाठ पुसायचा, हातापायांचे व्यायाम घ्यायचा. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, त्यांच्या ओळखीच्या गोष्टी त्यांच्याशी बोला. तरुणपणी त्यानं अप्पांच्या प्रयोगशाळेची जुनी रजिस्टरं त्या लॅपटॉपवर उतरवून दिली होती. तेच आकडे तो मोठ्यानं वाचायचा. रसाची गोडी, साखरेचा उतारा, अमुक दिवस, अमुक पाळी. मध्येच मुद्दाम एखादा आकडा चुकवायचा. अप्पांची दोन बोटं वर.

“कॅमेऱ्याचं काय?” मी विचारलं.

“पयल्या दिवशी ह्या दादांनी स्वयंपाकघरात ते मशिन उघडलं,” मालन म्हणाली, “आन् हिकडं डोळा लाल! मी म्हनलं, वैनी, बाहेर या, देवानं डोळा झाकला.”

“तेव्हापासून तो आधी स्वयंपाकघरात चहा घेतो,” अक्का म्हणाल्या. “डोळा लाल झाला की बाहेर येतो. कशानं होतं ते आम्हाला काय माहीत?”

मी भरतेशकडं बघितलं. “तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी कळलं,” तो म्हणाला. “घरात पहिल्यांदा वायफाय मी घेतलं. या लॅपटॉपला पन्नास मीच लावला. त्रिशलालाही मीच शिकवलं होतं, हातानं नंबर द्यायचा झाला तर पन्नास द्यायचा, गोल आकडा लक्षात राहतो. तिनं कॅमेऱ्याला तोच दिला. मी बदलायला हवा होता.”

“का नाही बदलला?”

“बदलला असता तर तिला मी दिसलो असतो.”

अप्पांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. मी हातातली पिशवी खाली ठेवली. खरं तर माझं काम दोन मिनिटांचं होतं. लॅपटॉपचा पक्का आकडा काढायचा, राउटर देईल तो घ्यायला लावायचा, संपलं. पण ते केलं की समोरचा दिवा निळा होणार होता.

“बाई, तू काही केलं नाहीस असं सांग,” अक्का म्हणाल्या. “तुझ्या साहेबाला मी फोन करते. म्हणावं, कॅमेराच खराब आहे. काढून न्या. मला नकोच तो.”

“तसं नाही होणार, अक्का.”

“का नाही?”

मी शब्द दिला होता. पण ज्यांच्या घरी शनिवारी ॲम्ब्युलन्स येणार होती ती माणसं माझ्यासमोर उभी होती, आणि एक जण बसलेला होता, अर्ध्या दाढीनिशी.

“त्रिशलाताईंनी पुण्याला खोली ठरवलीय,” मी म्हटलं. “शुक्रवारपर्यंत कॅमेरा नीट झाला नाही तर अप्पांना शनिवारी तिकडं हलवणार. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या.”

अक्का खाटेच्या कडेवर बसल्या. आधाराला त्यांनी धरला तो अप्पांचा पाय होता, अधू बाजूचा. अप्पांना तो कळला की नाही कोण जाणे. पण ते मात्र माझ्याकडं टक लावून बघत होते.

“तिचंही चुकत नाही,” भरतेश म्हणाला. “तिला काय दिसतं? रोज दोन तास अंधार.” त्यानं वस्तरा वाटीत ठेवला. मग लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घालू लागला. “मी येत नाही उद्यापासून. कॅमेरा आपोआप सुरू राहील. आई, मालनला दाढी जमेल का?”

“मला?” मालन म्हणाली. “मी कांदा कापते.”

तो पिशवीचा पट्टा खांद्याला लावून वळला. आणि खाटेवरून आवाज आला.

“बस.”

पाच महिन्यांत त्या तोंडातून शब्द आला नव्हता. घोगरा होता, अर्धा घशातच राहिलेला. पण शब्द होता. मालन तर भिंतीलाच टेकली.

“बास म्हनले,” ती कुजबुजली. “पुरं झालं म्हनले.”

“बस म्हणाले,” अक्का म्हणाल्या. “खाली बस.”

“पुरं म्हनले वो, वैनी.”

“बेचाळीस वर्षं ऐकतेय मी त्यांचं, मालन. मला सांगू नको.”

भरतेश तसाच उभा होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पट्टा खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आला तरी त्याला कळलं नाही.

“अप्पा,” तो म्हणाला, “बसू?”

अप्पांचा डावा हात चादरीवर होता. तो जरा वेळानं हलला. एक बोट वर आलं.

तो बसला.

मी खाटेजवळ गेले. असं कुणी कुणाच्या घरात करू नये, पण माझ्याशिवाय ते कोण विचारणार होतं? “अप्पा, मी कॅमेरा सुरू करतेय. त्रिशलाताईंना सगळं दिसेल. हेही दिसतील. करू?”

त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं. मग भरतेशकडं. मग परत माझ्याकडं, जरा वैतागून. हाताखालच्या माणसानं सोपा प्रश्न दोनदा विचारावा तसं. बोट वरच होतं. ते त्यांनी खाली घेतलंच नव्हतं.

मी लॅपटॉप पिशवीतून काढला आणि उघडला. तो सुरू व्हायला सात मिनिटं लागली. तेवढ्यात अक्कांनी पाणी गरम करून आणलं. मी पक्का आकडा काढून टाकला. राउटरनं लॅपटॉपला सात नंबर दिला. कॅमेऱ्याची वायर एकदा काढून पुन्हा लावली. दिवा लाल राहिला, मग लुकलुकला, मग निळा झाला.

मालननं डोक्यावरून पदर घेतला.

भरतेशनं पुन्हा फेस केला. वस्तरा उचलण्याआधी त्यानं एकदा मनगट गुडघ्यावर दाबून धरलं. मग अप्पांच्या गालाला वस्तरा लावला.

माझा फोन वाजला. अक्कांचा नाही, घरातला नाही, माझा.

“कॅमेरा सुरू झाला,” त्रिशला म्हणाली.

“हो. दोन उपकरणांना एकच नंबर होता. एक बदलला.”

“तुम्ही तिथंच आहात?”

“हो.”

“तो…” ती थांबली. मला तिच्या मागं कुठल्यातरी भांड्यात पाणी उकळल्याचा आवाज येत होता. “तो तिथं काय करतोय?”

“दाढी.”

“ते दिसतंय मला. किती दिवस येतोय?”

“मार्चपासून. रविवार सोडून रोज.”

“म्हणजे ते दोन तास…”

“हो.”

मी फोन कानाशी धरून उभी होते. अक्का माझ्याकडं बघत होत्या आणि भरतेश मुद्दाम बघत नव्हता.

“आणि अप्पा? त्यांना चालतं?”

“आत्ताच त्यांनी त्याला बस म्हटलं,” मी म्हणाले. “तोंडानं.”

पलीकडं पाणी उकळतच होतं. ती ते बंद करायला गेली नाही.

“सायरा,” शेवटी ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात, “हनुवटीखाली राहिलीय. त्याला सांगा.”

मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि अप्पांची हनुवटी वर केली.

शनिवारी ॲम्ब्युलन्स आली नाही. साहेबांकडं सहावी तक्रारही गेली नाही, त्यामुळं मी काउंटरवर गेले नाही. पण सुटलेही नाही. त्रिशला भरतेशशी बोलायला तयार नव्हती, भरतेश तिला फोन करायला धजत नव्हता, आणि आपल्या आईला मध्ये घालायचं नाही एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. मग ती मला फोन करायची. त्याला सांगा, पाठीला तेल कोमट करून लाव. मी भरतेशला कळवायचे. तो म्हणायचा, तिला सांगा, डॉक्टर तेल नको म्हणालेत. मी तिला कळवायचे. चौगुले साहेबांनी दोनदा विचारलं, मुजावर, ते नेटवर्क अजून जुळलं नाही का? मी म्हटलं, नेटवर्क जुळलंय साहेब.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तिचा फोन आला नाही. दोनला नाही, तीनला नाही. साडेतीन वाजले. अप्पांना काही झालं असेल असंच मनात आलं. मी अक्कांना फोन लावला.

“अक्का, सगळं ठीक आहे ना? त्रिशलाताईंचा फोन नाही आला आज.”

“कसा येईल?” अक्का म्हणाल्या. “दोन वाजल्यापासून भरतेशशी भांडतेय. तो मागं पेरूखाली उभा आहे, फोन कानाला. आता तर रडतोय वाटतं. नाही, ओरडतोय.”

“कशावरून?”

“सात वर्षांचं आहे बाई. वेळ लागेल.” मागून मालनचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. “आणि तू ठेव आता. त्याच्या फोनची बॅटरी संपत आलीय, माझा त्याला द्यायचाय.”